मास्क उतरवण्याची घाई नको

वडखळ जवळ आलं की पेण तालुक्यातल्या डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या दिसायला लागतात. धरमतर खाडीच्या बाजूला पसरलेल्या या कारखान्यात झोतभट्टी आहे. तिथली माणसं तिला फर्नेसच म्हणतात. कुठल्याही झोतभट्टीत कोक जळतो, लोहखनिजातला ऑक्सिजन ओढला जातो आणि भट्टीच्या माथ्यावरून जो वायू निघतो त्यात साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कार्बन मोनॉक्साइडचा असतो. तो वाया घालवत नाहीत. जाड नळांमधून नेऊन इंधन म्हणून पुन्हा वापरतात. पोलाद करायला ऑक्सिजनही अफाट लागतो, म्हणून तो हवेतून वेगळा काढण्याची सोयही अशा कारखान्यांना करावी लागते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, डोलवीचा द्रवरूप ऑक्सिजन टँकर भरभरून महाराष्ट्रातल्या रुग्णालयांकडे जात होता. त्या दिवसांत पेणच्या लोकांनी ऑक्सिजन या शब्दाची किंमत जशी ओळखली तशी आधी कधी ओळखली नसेल.

विष आणि त्याचा उतारा असे एकाच तालुक्यात आहेत. तरीही ‘गॅस लागलेला’ माणूस कॅज्युअल्टीच्या दारात येतो तेव्हा उतारा त्याच्या रक्तापर्यंत पूर्ण जोरात आणि पुरेसा वेळ पोहोचेलच याची खात्री नसते. सिलिंडर कोपऱ्यात उभा असतो, मास्क खणात असतो, सिस्टर हजर असतात, आणि रुग्ण दहा मिनिटांत बोलायला लागला म्हणून मास्क उतरवला जातो. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या परिचारिका, रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर, कारखान्यांतले प्रथमोपचारक आणि आशाताई यांच्यासाठी लिहिलेल्या या पुस्तकाचं सगळं म्हणणं त्या मास्कभोवती फिरतं. तो लगेच लावा, घट्ट लावा, आणि लवकर काढू नका.

आधी वायूची ओळख. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. हवेपेक्षा किंचित हलका असल्याने तो एलपीजीसारखा जमिनीलगत साचत नाही, खोलीभर सारखा पसरतो. श्वासातून आत गेला की रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि त्याची पकड ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पट घट्ट असते. एसटीत रुमाल टाकून जागा अडवावी तसं हे आहे. बस भरलेली दिसते, पण जायला हवा तो माणूस खालीच राहतो. त्यात आणखी एक वाईट गोष्ट घडते. जो थोडा ऑक्सिजन आत चढलेला असतो तोही आपल्या थांब्यावर उतरत नाही, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन उरलेला ऑक्सिजनही सहजी सोडत नाही. म्हणून रक्तक्षयाने निम्मं हिमोग्लोबिन गेलेला माणूस चालत दवाखान्यात येऊ शकतो, आणि निम्मं हिमोग्लोबिन या वायूने अडवलेला माणूस बेशुद्ध पडतो. शिवाय हा वायू हृदयाच्या स्नायूतल्या मायोग्लोबिनला आणि पेशींच्या आत ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेलाही जाऊन धरतो. मेंदू आणि हृदय यांना आधी झळ लागते ती यामुळे.

हे सगळं कळायला बराच काळ गेला. फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी १८५० च्या दशकात दाखवलं की हा वायू रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. त्यानंतर ब्रिटनमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग केले. मोजून घेतलेला कार्बन मोनॉक्साइड ते स्वतः ओढत, मधूनमधून आपलंच रक्त तपासत, आणि निम्म्याच्या आसपास हिमोग्लोबिन अडेपर्यंत काय काय होतं ते लिहून ठेवत. कोळशाच्या खाणीत स्फोट झाल्यावर मरणारे बरेच जण भाजून मरत नाहीत, स्फोटानंतर पसरलेल्या या वायूने मरतात, हे त्यांनी मृतदेह तपासून दाखवलं. खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची कल्पना त्यांचीच; ब्रिटिश खाणींमधून ते पक्षी १९८६ साली निवृत्त झाले. पण आपल्या कामाचा त्यांचा प्रयोग वेगळाच आहे. १८९५ साली त्यांनी एक उंदीर दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ठेवला आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड सोडला. हिमोग्लोबिन जवळपास पूर्ण अडलेलं असूनही उंदीर जगला, कारण दाबामुळे रक्ताच्या पाण्यातच पुरेसा ऑक्सिजन विरघळला होता. आजचे सगळे उपचार या दोन गोष्टींवर उभे आहेत. ऑक्सिजन भरपूर असेल तर तो वायूला हिमोग्लोबिनवरून ढकलून काढतो, आणि तो निघेपर्यंत रक्तात विरघळलेला ऑक्सिजन पेशींना तग धरायला मदत करतो.

पेण-रोह्यात हा वायू कुठे भेटतो? पहिलं उत्तर कारखाना. भारतीय कारखाना कायद्याने आठ तासांच्या पाळीसाठी दशलक्ष भाग हवेत ५० भाग कार्बन मोनॉक्साइड ही मर्यादा घातली होती. झोतभट्टीच्या वायूत हेच प्रमाण दशलक्षात दोन लाखांच्या वर जातं. एवढा फरक असताना नळाच्या सांध्यातून झालेली थोडीशी गळतीही माणसाला दोन-चार श्वासांत आडवा करते. भिलाईच्या पोलाद कारखान्यात जून २०१४ मध्ये असा वायू पंपघरात शिरला आणि सहा जण गेले. त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. राउरकेल्यात जानेवारी २०२१ मध्ये चार कंत्राटी कामगार गेले. पोलाद जिथे जिथे तयार होतं तिथल्या प्रथमोपचारकाला या दोन घटना माहीत असायला हव्यात, कारण पुढची वेळ कुणाची हे कुणालाच ठाऊक नसतं.

रोह्याकडे प्रश्नाचं रूप बदलतं. कुंडलिकेच्या काठच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. औषधं आणि रसायनं तयार करताना डायक्लोरोमिथेन हा द्रावक सर्रास वापरला जातो. कामगार त्याला एमडीसी म्हणतात. त्याची वाफ माणसाच्या अंगात गेली की यकृत त्याचं रूपांतर कार्बन मोनॉक्साइडमध्ये करतं. टाकी धुवायला उतरलेला माणूस गुंगून बाहेर आला, तर आसपास काहीही जळत नसलं तरी त्याच्या रक्तात हा वायू तयार होत असतो, आणि बाहेर आणल्यावरही काही तास होत राहतो. ‘तिथे आग नव्हती, धूर नव्हता’ एवढ्यावरून हे निदान बाजूला सारू नये. असा रुग्ण मोकळ्या हवेत बरा वाटायला लागला तरी त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ ऑक्सिजनवर आणि नजरेखाली ठेवावं लागतं. हा भाग मला या पुस्तकातला सगळ्यात उपयोगाचा वाटतो, कारण पाठ्यपुस्तकात तो एखाद्या ओळीत संपतो आणि धाटावच्या कामगाराच्या बाबतीत तोच नेमका लागतो.

आगीचंही तसंच. नागोठण्याच्या गॅस क्रॅकर प्रकल्पात नोव्हेंबर १९९० मध्ये वायुगळतीनंतर स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसं गेली; रोहा तालुक्यातल्या जुन्या माणसांना तो दिवस अजून आठवतो. आगीत सापडलेल्या माणसाचं भाजणं डोळ्यांना दिसतं आणि सगळे हात तिकडे धावतात. बंदिस्त जागेतला धूर ओढलेल्याच्या रक्तातला कार्बन मोनॉक्साइड, आणि प्लास्टिक-फोम जळालं असेल तर सायनाइड, डोळ्यांना दिसत नाही. जखमेवर पट्टी बांधायच्या आधी तोंडावर मास्क चढला पाहिजे.

कारखान्याच्या कुंपणाबाहेरही हा वायू आहे, आणि तिथे त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. पेण, रोहा, सुधागड या भागांतली कातकरी कुटुंबं पावसाळा संपला की कोळशाच्या भट्ट्यांवर आणि वीटभट्ट्यांवर जातात. लाकडं रचून, वरून पाला-माती लिंपून, हवा जेमतेम लागेल अशी धुमसत ठेवायची, म्हणजे कोळसा पडतो. जेमतेम हवा हीच कार्बन मोनॉक्साइड तयार होण्याची रीत. भट्टीवर राहणाऱ्या बाईचं रोजचं डोकं दुखणं, पोरांना येणारी भोवळ, मळमळ या तक्रारी घेऊन ती आरोग्य केंद्रात आली तर बहुतेक वेळा पित्ताची गोळी हातात पडते. तिला एवढंच विचारायचं असतं की काम नसलेल्या दिवशी, गावी असताना, डोकं दुखतं का.

आणि शेगडी. बाळंतिणीला शेक-शेगडी देण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बाजेखाली निखारे, त्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, वर दोघांच्या अंगावर पांघरूण. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, दाराला पडदा. पूर्वीच्या घरात कौलांच्या फटींतून आणि कुडाच्या भिंतींतून हवा खेळायची. आजी-पणजीच्या हातून हे सगळं निभावून गेलं त्यात त्या घराचाही वाटा होता. आता तीच शेगडी स्लॅबच्या, सरकत्या काचांच्या दहा बाय दहाच्या खोलीत ठेवली जाते. विझत आलेले, राख धरलेले निखारे धूर करत नाहीत म्हणून निर्धोक वाटतात, आणि कार्बन मोनॉक्साइड तर त्यांतूनच येत असतो. आई गळून गेलेली असतेच, बाळ झोपलेलं असतंच, त्यामुळे दोघांचीही सुस्ती कुणाला वावगी वाटत नाही. आशाताई घरभेटीला गेल्या की बाळाचं वजन करतात, नाळ पाहतात. त्याच भेटीत खोलीत शेगडी आहे का आणि खिडकी उघडी आहे का हे पाहावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे. शेक बंद करा असं सांगून कुणी ऐकणार नाही, आणि तसं सांगण्याची गरजही नाही. निखारे अंगणात पेटवून, शेक देण्यापुरते आत आणून, खिडकी उघडी ठेवून, झोपायच्या आधी बाहेर काढले तर आजीचा मानही राहतो.

गॅस गीझरबद्दल लोकांनी आता बऱ्यापैकी ऐकलं आहे. लहान न्हाणीघर, खिडकी बंद, आत पेटता गीझर, आणि दार वाजवूनही उत्तर येत नाही. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी याला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असं नावच दिलं आहे. न्हाणीघरात झटका आला म्हणून फिटच्या गोळ्या सुरू झालेले काही रुग्ण प्रत्यक्षात गीझरचे निघतात. जनरेटरचं प्रकरण मात्र लोकांच्या ध्यानात नसतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, आणि टाकीत पाणी चढवायला, फोन चार्ज करायला जनरेटर आले. पावसात भिजू नये म्हणून जनरेटर पडवीत किंवा दुकानाच्या आत घेतला, शटर अर्धं ओढलं, की झालं. विहिरीचा गाळ काढताना इंजिनाचा पंप आत उतरवतात तेव्हाही हेच घडतं.

निदानासाठी मोठी यंत्रं नंतर, आधी प्रश्न. घरातल्या आणखी कुणाला त्रास झाला का? एकाच खोलीतल्या तिघांना डोकेदुखी आणि उलट्या असतील तर अन्नातून विषबाधा ठरवण्याआधी चूल, शेगडी, गीझर, जनरेटर यांची चौकशी करा. ताप नाही, जुलाब नाहीत आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की संशय पक्का धरा. ‘चेरीसारखा लाल चेहरा’ ही पुस्तकातली खूण जिवंत रुग्णात क्वचितच दिसते. तिची वाट पाहू नये.

आता त्या चिमट्याकडे वळतो, जो कोविडनंतर घराघरांत आहे. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर रक्ताच्या रंगावरून आकडा काढतो, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन भरलेल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं. अर्धं रक्त अडलेल्या बेशुद्ध माणसाच्या बोटावर तो ९८ दाखवू शकतो. कोविडने आपल्याला शिकवलं की ९४ च्या खाली गेला तर ऑक्सिजन लावा, वर असेल तर राहू द्या. ती शिकवण इथे जीव घेऊ शकते. रक्तातल्या वायूंची साधी तपासणीही फसवते, कारण तिच्यातला ऑक्सिजनचा दाब ठीकठाक येतो. खरं मोजमाप को-ऑक्सिमीटर करतो. ते यंत्र मोठ्या रुग्णालयांत असतं, आणि त्यासाठी शिरेतलं रक्तही चालतं. म्हणून मास्क लावतानाच एक नमुना काढून, त्यावर वेळ लिहून, रुग्णाबरोबर पुढे पाठवायचा. अहवाल येईपर्यंत उपचार थांबत नाहीत. आलेला आकडा कमी असला तरी सुटकेचा निःश्वास टाकू नये, कारण वाटेत ऑक्सिजन मिळालेला असतो आणि वायू तोवर उतरलेला असतो. धूम्रपान न करणाऱ्याच्या रक्तात हे प्रमाण एरवी तीन टक्क्यांच्या आत असतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यात दहापर्यंतही जातं.

मास्क कसा लावायचा हे पुस्तकात चित्रांसह आहेच, पण मी त्यावर इथेही थोडा रेंगाळणार आहे. नाकातल्या दोन नळ्या या कामाच्या नाहीत. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर त्या नळ्यांतून देतो तो श्वास जेमतेम चाळीस टक्के ऑक्सिजनचा होतो. आपल्याला हवा पिशवीवाला मास्क, ज्याला नॉन-रिब्रीदर म्हणतात. सिलिंडरचा प्रवाह मिनिटाला १० ते १५ लिटरवर न्यायचा. मास्क आणि पिशवी यांच्यामधल्या झडपेवर आतून अंगठा दाबून धरायचा, म्हणजे पिशवी टम्म फुगते. मगच मास्क तोंडावर ठेवायचा, नाकावरची पट्टी चिमटीत दाबून बसवायची, इलॅस्टिक मागे ओढायचं. रुग्णाने श्वास घेतल्यावर पिशवी थोडी आत गेली पाहिजे, पण पार चपटी होता कामा नये. चपटी झाली तर प्रवाह वाढवा. अजिबात हललीच नाही तर मास्क गळतो आहे आणि रुग्ण कडेकडेने खोलीतली हवा ओढतो आहे. घाईत पिशवी न फुगवता लावलेला मास्क मी पुष्कळदा पाहिला आहे. रुग्ण गुदमरतो, मास्क ओढून काढतो, आणि मग ‘पेशंट को-ऑपरेट करत नाही’ अशी नोंद होते.

वेळेचा हिशोब असा. साध्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला साधारण ५ तास लागतात. मास्कमधून जवळपास शुद्ध ऑक्सिजन मिळाला तर ७५ ते ९० मिनिटं. समजा चाळीस टक्के हिमोग्लोबिन अडलं आहे. दीड तासाने वीस, तीन तासांनी दहा, साडेचार तासांनी पाच. मोकळ्या हवेत नुसतं बसवून ठेवलं तर पाचवर यायला पंधरा तास जातील, आणि ते पंधरा तास मेंदू उपाशी राहील. दहा मिनिटांत शुद्धीवर आलेला माणूस बरा झाला असं आपल्याला वाटतं, पण त्याच्या रक्तात तोवर जेमतेम फरक पडलेला असतो. लक्षणं पूर्ण जाईपर्यंत आणि तपासणी शक्य असेल तर प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली येईपर्यंत मास्क ठेवायचा. तपासणी नसेल तर निदान सहा तास. गरोदर बाई असेल तर आणखी जास्त, कारण पोटातल्या बाळाच्या रक्तातून हा वायू सावकाश निघतो. आईचा अहवाल चांगला आला म्हणजे बाळ सुटलं असं नाही.

मग सिलिंडरचा हिशोब. रुग्णवाहिकेत असतो तो बी टाइप सिलिंडर साधारण दीड हजार लिटरचा. मिनिटाला १५ लिटर प्रवाहावर तो १०० मिनिटं चालतो, तोही पूर्ण भरलेला असेल तर. वॉर्डातला सात हजार लिटरचा जम्बो पावणेआठ तासांच्या आसपास पुरतो. रोह्याहून मुंबई-गोवा महामार्गाने पेण, पनवेल करत रुग्णाला कामोठ्याच्या किंवा मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं असेल तर त्या रस्त्याचं रडगाणं आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. पावसात, गणपतीच्या गर्दीत, वडखळला अडकलेल्या गाडीत १०० मिनिटं कधी संपतात कळत नाही. गाडी निघण्याआधी गेजवरचा काटा पाहणं आणि दुसरा भरलेला सिलिंडर चढवणं हे ड्रायव्हर, डॉक्टर आणि सिस्टर या तिघांचंही काम आहे. एमएलसीचे, म्हणजे पोलीस केसचे, कागद मास्क लावल्यावर लिहावेत, आधी नाही.

एवढं झालं श्वास घेणाऱ्या रुग्णाचं. जो नीट श्वास घेत नाही त्याला कितीही ऑक्सिजन बाहेरून दाखवला तरी तो आत जाणार नाही. घोरल्यासारखा आवाज, ओठांवर फेस, हाक मारल्यावर डोळे न उघडणं, मिनिटाला चार-सहा उथळ श्वास, अशा माणसाला आधी श्वास द्यावा लागतो. जबडा पुढे ओढून वाट मोकळी करायची, उलटी असेल तर ओढून काढायची, अंबू बॅगला मागची ऑक्सिजनची पिशवी जोडलेली आहे ना ते पाहायचं आणि दर पाच-सहा सेकंदांनी एक, छाती उचलेल एवढाच श्वास द्यायचा. घाबरलेला हात भराभर पिळतो. त्याने हवा पोटात जाते, उलटी होते आणि ती फुप्फुसात उतरते. एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा, दुसऱ्याने पिळावं. पुढे श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर लावतात तेव्हा ऑक्सिजन शंभर टक्क्यांवर ठेवायचा. एरवी आम्ही ज्युनिअर डॉक्टरांना शिकवतो की व्हेंटिलेटरवरचा ऑक्सिजन जितक्या लवकर कमी करता येईल तितका बरा, दमेकरी-सीओपीडीवाल्यांना तर जपूनच द्यायचा. इथे वायू उतरेपर्यंत तो नियम बाजूला ठेवावा लागतो, आणि मॉनिटरवर ९९ पाहून रात्रपाळीच्या डॉक्टरने तो कमी करू नये म्हणून केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं लागतं. ईसीजी काढायचाच, तरुण माणसाचाही. या वायूने हृदयाला बसलेला मार छातीत न दुखताही असतो.

श्वास जितका खोल तितका वायू लवकर बाहेर पडतो, हेही खरं आहे. अमेरिकेत यँडेल हेंडरसन यांनी १९२० च्या दशकात ऑक्सिजनमध्ये पाच टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळून रुग्णाचा श्वास वाढवण्याची पद्धत रूढ केली होती. आधीच अत्यवस्थ असलेल्या रुग्णाला ती धोक्याची ठरू शकते म्हणून मागे पडली; तीच कल्पना सुधारून केलेलं एक कॅनडातलं यंत्र २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. आपल्याकडे ते येईल तेव्हा येईल.

दाबाच्या कक्षाबद्दल, म्हणजे हायपरबॅरिक ऑक्सिजनबद्दल, नातेवाईक हटकून विचारतात. वातावरणाच्या अडीच-तीन पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन दिला तर वायू निम्मा व्हायला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. माणसांवर हा उपचार १९६० साली ग्लासगोत झाला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या वीव्हर आणि सहकाऱ्यांनी १५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा आठवड्यांनी स्मरण आणि विचारशक्तीचे दोष साध्या ऑक्सिजनवाल्यांत ४६ टक्के, तर दाबाखालच्या ऑक्सिजनवाल्यांत २५ टक्के निघाले. त्याआधी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासाला मात्र काहीच फायदा दिसला नव्हता, आणि तज्ज्ञांचं एकमत अजून झालेलं नाही. आपल्या जवळ कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात पाणबुड्यांच्या उपचारांसाठी असा कक्ष आहे, मुंबईत खासगीही आहेत. माझं मत स्पष्ट आहे. बेशुद्ध पडून गेलेला, हृदयावर परिणाम दिसणारा किंवा गरोदर रुग्ण असेल तर फोन करून जरूर विचारा. पण रुग्ण स्थिर नसताना, व्हेंटिलेटरवर हेलकावे खात असताना, त्या कक्षाच्या आशेने त्याला रस्त्यावर काढू नका. पेणच्या किंवा रोह्याच्या रुग्णालयात पहिल्या दहा मिनिटांत लागलेला घट्ट मास्क जे काम करतो ते चार तासांनी मिळालेला कक्ष भरून काढील याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

याच रायगड जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं आणि आरोग्य केंद्राच्या पातळीवरचं निरीक्षण जगाच्या वैद्यकात गेलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रायगडच्या ग्रामीण रुग्णालयांत काम करणाऱ्यांना मी हे नाव मुद्दाम सांगतो. त्यांची गोळी स्वस्त आणि जवळ मिळणारी होती. फरक पडला तो रुग्णाच्या उशाशी बसून राहण्याने. ऑक्सिजनचंही तेच आहे.

सोडवायला जाणाऱ्यांसाठी या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते सगळ्यांनी वाचावं, डॉक्टरांनीही. टाकीत, विहिरीत, नळाच्या सांध्यापाशी एक पडला की दुसरा धावतो, मग तिसरा. तोंडाला ओला रुमाल बांधून हा वायू अडत नाही. कापडी मास्कने, धुळीच्या मास्कनेही नाही. स्वतःचा हवेचा सिलिंडर पाठीवर असलेला माणूसच आत जाईल, बाकीच्यांनी दोर धरावा आणि दारं-खिडक्या उघडाव्यात. सख्खा भाऊ आत पडलेला असताना हे पाळणं किती कठीण आहे याची मला कल्पना आहे, म्हणून ते आधीच सांगून, करवून घेऊन ठेवायला हवं.

राहिला घरी गेल्यानंतरचा काळ. चांगला शुद्धीवर येऊन, चहा पिऊन, हसत घरी गेलेल्या काही रुग्णांत दोन दिवसांपासून चाळीस दिवसांपर्यंत कधीही मेंदूचा त्रास नव्याने उमटतो. कामाचा क्रम विसरणं, पाय ओढत चालणं, लघवीवर ताबा न राहणं, गप्प बसणं किंवा विनाकारण चिडणं. तोवर गॅसची घटना घरच्यांच्या लेखी संपलेली असते, त्यामुळे कुणी बाहेरची बाधा म्हणतं, कुणी दारूचं नाव घेतं, कंपनीत तो कामचुकार ठरतो. बरेच जण काही महिन्यांत सुधारतात, पण त्यासाठी हा त्या वायूचाच परिणाम आहे हे कुणाच्या तरी ध्यानात यावं लागतं. म्हणून डिस्चार्ज कार्डावर ‘कार्बन मोनॉक्साइड विषबाधा’ हे शब्द मराठीत लिहावेत, किती तास ऑक्सिजन दिला ते लिहावं, आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख टाकावी. त्या तारखेला रुग्ण आला नाही तर आशाताईंनी घरी जाऊन बायकोला किंवा आईला बाजूला घेऊन विचारावं की तो पूर्वीसारखा वागतो का, चालतो का, आणि पगाराचे पैसे पूर्वीसारखे मोजतो का. एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर त्याला परत रुग्णालयात आणायचं. त्यासाठी लागणारा नमुना अर्ज शेवटच्या प्रकरणात दिला आहे. त्याच्या झेरॉक्स काढून वॉर्डात ठेवाव्यात.